सहलीचा डबा आणि जिवाणूंचे घड्याळ

पाऊस संपून हवा कोरडी झाली, की घराघरांतून सहलीचे बेत सुरू होतात. कुणाला हुरडा खायला शेतावर जायचे असते, कुणाला किल्ला चढायचा असतो, कुणाला नदीकाठी नाही तर समुद्रकिनारी दिवस काढायचा असतो. गाडी किती वाजता निघणार, कोण कोण येणार, सतरंजी कोण आणणार याची चर्चा भरपूर होते. डब्यात काय न्यायचे याचीही होते, पण ती बहुधा चवीपुरती. पहाटे पाच वाजता शिजवलेले अन्न दुपारी एक वाजता खाल्ले जाणार आहे. म्हणजे मध्ये आठ तास आहेत. या आठ तासांत बंद डब्यात काय घडते, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

प्रश्न साधा असला तरी किरकोळ नाही. सहलीहून परतल्यावर पाच-सात जणांना एकदम उलट्या-जुलाब सुरू झाले, अशा घटना आपल्या ऐकण्यात असतात. धडधाकट माणूस त्यातून एक-दोन दिवसांत उठून बसतो. पण लहान मूल, वृद्ध माणूस किंवा गरोदर स्त्री यांच्या शरीरातील पाणी झपाट्याने कमी झाले, तर प्रसंग जिवावर बेतू शकतो. गावापासून दूर, दवाखाना जवळ नसताना तर अधिकच. म्हणून सहलीच्या तयारीचा विचार आपण या वेळी जरा विज्ञानाच्या अंगाने करू.

दुपटीचा हिशेब

एका जिवाणूचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ, अशी जिवाणूंची वाढ होते. सगळी परिस्थिती अनुकूल असेल तर ‘एश्चेरिशिया कोलाय’ या आतड्यातील जिवाणूची संख्या सुमारे वीस मिनिटांत दुप्पट होते. डब्यातल्या अन्नात परिस्थिती इतकी आदर्श नसते, म्हणून आपण हिशेबासाठी अर्धा तास धरू. अन्न डब्यात भरताना त्यात फक्त १०० जिवाणू शिरले असे समजा. एका तासाने ते ४००, दोन तासांनी १,६००, चार तासांनी २५,६०० होतील. सहा तासांनी ही संख्या ४ लाख ९ हजार ६०० आणि आठ तासांनी ६५ लाख ५३ हजार ६०० होईल. प्रत्यक्षात नव्या जागी रुळायला जिवाणूंना सुरुवातीस थोडा वेळ लागतो, त्यामुळे आकडे काहीसे कमी भरतील. पण वाढीची चाल हीच.

या हिशेबातून दोन गोष्टी विद्यार्थ्यांना वर्गात सहज दाखवता येतील. पहिली अशी, की जेवण एक वाजताऐवजी अकरा वाजता केले, तर जिवाणूंची संख्या पाव किंवा निम्मी नव्हे, तर एकदम सोळाव्या हिश्शावर येते. दुसरी गोष्ट जरा अनपेक्षित आहे. स्वयंपाक करणाऱ्याने हात स्वच्छ धुतले आणि १०० ऐवजी १० च जिवाणू डब्यात शिरले, असे धरू. १० चे १०० व्हायला लागतात फक्त एक तास चाळीस मिनिटे. म्हणजे स्वच्छतेने आपल्याला पावणेदोन तासांच्या आसपास उसंत मिळते; घड्याळ थांबत मात्र नाही. हात तर धुवायचेच, पण तेवढ्यावर विसंबून चालत नाही. घड्याळ मंद करायचे किंवा थांबवायचे, तर जिवाणूंना लागणाऱ्या तीन गोष्टींकडे पाहावे लागते: ऊब, पाणी आणि फार आंबट नसलेले माध्यम.

ऊब: पाच ते साठ अंश

अन्नातून विषबाधा करणारे बहुतेक जिवाणू ५ ते ६० अंश सेल्सिअस या पट्ट्यात वाढतात आणि ३० ते ४० अंशांच्या दरम्यान त्यांची वाढ सर्वांत जोमाची असते. आपल्याकडे हिवाळ्यातही दुपारचे तापमान तीस अंशांपर्यंत जाते. म्हणून अन्नशास्त्रज्ञ एक ढोबळ नियम सांगतात: लवकर बिघडणारे ओले अन्न या पट्ट्यात दोन तासांपेक्षा जास्त राहू नये, आणि हवा ३२ अंशांपेक्षा गरम असेल तर एक तासापेक्षा जास्त नको. उन्हात उभ्या असलेल्या बंद मोटारीत अर्ध्या तासात आतील तापमान बाहेरच्यापेक्षा १५ ते २० अंशांनी चढते, हेही लक्षात ठेवावे. डबे गाडीत ठेवून किल्ला चढायला जाणे म्हणजे जिवाणूंसाठी उबवणी-पेटीच तयार करणे होय.

इथे भाताची गोष्ट सांगायला हवी. माती आणि धान्य यांत ‘बॅसिलस सिरियस’ नावाचा जिवाणू सर्रास आढळतो. प्रतिकूल परिस्थितीत तो स्वतःभोवती चिवट आवरण करून बीजाणूच्या रूपात राहतो, आणि हे बीजाणू भात शिजतानाच्या उकळीतही मरत नाहीत. भात शिजला, कोमट झाला, की ते जागे होतात आणि वाढू लागतात. वाढताना हा जिवाणू एक विष तयार करतो. त्याने एक ते सहा तासांत उलट्या सुरू होतात. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटनमधील चिनी पद्धतीच्या उपाहारगृहांतला फ्राइड राइस खाऊन लोक आजारी पडू लागले, तेव्हा हे प्रकरण उजेडात आले. तेथे भात मोठ्या प्रमाणावर शिजवून बराच वेळ तसाच बाहेर ठेवत आणि मागणी येईल तसा परतून देत. परतल्याने जिवाणू मेले तरी त्यांनी आधीच सोडलेले विष नाहीसे होत नव्हते. हे विष १२१ अंशांनाही टिकते. घरच्या कढईची त्यापुढे काय कथा!

आपला फोडणीचा भात हा या फ्राइड राइसचा सख्खा भाऊ आहे. रात्रीचा उरलेला भात पातेल्यात झाकून ओट्यावर ठेवायचा आणि पहाटे हळद-मोहरीची फोडणी देऊन सहलीच्या डब्यात भरायचा, ही पद्धत म्हणूनच धोक्याची आहे. फोडणीचा भातच न्यायचा असेल, तर रात्री तो उथळ ताटात पसरून लवकर निववावा आणि लगेच शीतकपाटात ठेवावा. सकाळी फोडणी दिल्यावर त्याला दहाच्या न्याहारीत जागा द्यावी, दुपारच्या जेवणात नव्हे.

‘उथळ ताटात’ असे का? उष्णता अन्नाच्या आतून पृष्ठभागापर्यंत वहनाने येते आणि त्याला लागणारा वेळ थराच्या जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. जाडी दुप्पट तर वेळ चौपट. दोन सेंटिमीटर जाडीचा थर निवायला जितका वेळ लागतो, त्याच्या सोळापट वेळ आठ सेंटिमीटरच्या थराच्या गाभ्याला लागतो. खोल डब्यात दाबून भरलेला भात वरून गार लागतो, पण मध्यभागी कित्येक तास तीस-चाळीस अंशांवर रेंगाळत असतो. गरम अन्न भरून झाकण लावले, की आणखी एक गोष्ट घडते. वाफ झाकणाला लागून तिचे थेंब होतात आणि ते अन्नावर पडतात. पोळ्यांची चळत गरम असताना डब्यात ठेवली की वरची पोळी ओली होते ती यामुळेच. त्या ओलाव्यावर जिवाणू आणि बुरशी या दोघांचेही फावते.

यावर मार्ग दोन. अन्न खरोखर गरम, म्हणजे साठ अंशांच्या वर ठेवता आले, तर ते सुरक्षित असते. त्यासाठी चांगला थर्मास लागतो. तो आधी उकळत्या पाण्याने तापवून घ्यावा आणि त्यात अन्न उकळते असतानाच भरावे. नाही तर अन्न चटकन निववून गार ठेवावे. ‘कोमट’ ही अवस्था सर्वांत वाईट.

पाणी: किती आहे त्यापेक्षा किती मोकळे आहे

जिवाणूंना वाढण्यासाठी पाणी लागते, पण अन्नात असलेले सगळेच पाणी त्यांच्या वाट्याला येत नाही. मीठ आणि साखर यांचे रेणू पाण्याला धरून ठेवतात. गुलाबजामच्या पाकात आणि आंब्याच्या लोणच्यात पाणी असतेच. पण ते जणू बांधलेले असते. हे मोजण्यासाठी ‘जलसक्रियता’ ही संकल्पना वापरतात. शुद्ध पाण्याची जलसक्रियता १ मानली आहे. मिठाच्या संपृक्त द्रावणाची ती सुमारे ०.७५ भरते. सूक्ष्मजीवांची वाढ पाण्याच्या टक्केवारीपेक्षा या आकड्यावर ठरते, हे ऑस्ट्रेलियातील डब्ल्यू. जे. स्कॉट यांनी १९५३ साली दाखवून दिले. बहुतेक जिवाणू ०.९१ च्या खाली वाढत नाहीत. बहुतेक बुरशी ०.८० पर्यंत तग धरतात, आणि ०.६० च्या खाली कोणताच सूक्ष्मजीव वाढत नाही.

आता आपल्या जुन्या प्रवासी पदार्थांकडे या चष्म्यातून पाहा. चिवडा, चकली, शंकरपाळे, भाजलेले शेंगदाणे, तिळाच्या वड्या, लसणीची कोरडी चटणी, खुसखुशीत गूळपोळी: या सर्वांत पाणी तळून, भाजून किंवा गूळ-साखरेने बांधून काढून घेतले आहे. तिखटमिठाच्या पुऱ्या तळताना बुडबुडे येतात, ते बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या वाफेचे असतात. पुरी चिवड्याइतकी कोरडी होत नाही, पण पोळीपेक्षा ती दीर्घकाळ टिकते, याचे एक कारण ते.

दशमीचे काय? ती पाण्याऐवजी दुधात भिजवतात म्हणून टिकते, असे सांगितले जाते. पण दुधात ८५ टक्क्यांहून अधिक पाणीच असते. दुधाने टिकाऊपणा यावा असे त्यात काही नाही. दुधातील स्निग्धांशामुळे पिठातील स्टार्च लवकर कडक होत नाही आणि दशमी दुसऱ्या दिवशीही मऊ राहते. गूळ घातला असेल तर तो थोडे पाणी बांधतो, आणि तव्यावर नीट भाजल्याने बरेच पाणी उडून जाते. टिकते ती या दोन कारणांनी. म्हणजे दशमीचा अनुभव खरा, पण त्याचे सांगितले जाणारे कारण तपासून घ्यावे असे. अशी उदाहरणे विज्ञानशिक्षकाला फार उपयोगी पडतात.

आंबटपणा आणि दहीभात

आंबटपणा आपण ‘सामू’ या मापाने मोजतो. ७ म्हणजे उदासीन. आकडा जितका कमी तितके आम्ल अधिक. सामू ४.६ किंवा त्याखाली असेल, तर विषबाधा करणाऱ्या बहुतेक जिवाणूंची वाढ खुंटते किंवा फारच मंदावते. लिंबाच्या रसाचा सामू २ ते २.५ च्या दरम्यान, चांगल्या लागलेल्या दह्याचा साधारण ४ ते ४.५, तर शिजलेला भात, उकडलेला बटाटा, ओले खोबरे हे ५.५ ते ७ या जिवाणूंच्या सोयीच्या भागात येतात.

दहीभाताचे यश या आम्लतेत आहे. दह्यातील लॅक्टिक आम्ल भाताचा सामू खाली आणते, आणि दह्यातले उपकारक जिवाणू जागा व अन्न आधीच व्यापून बसतात. मात्र दोन पथ्ये पाळावी लागतात. भात कोमट झाल्यावरच दही घालावे. तो कढत असेल तर दह्यातले जिवाणू मरतात आणि दही फाटते. दुसरे पथ्य दह्याच्या प्रमाणाचे. प्रवासात भात फार आंबट होऊ नये म्हणून दुधात कालवून वर चमचाभर दही घालण्याची पद्धत आहे. जेवणाच्या वेळेपर्यंत त्याचे छान दही लागते हे खरे. परंतु पहिले काही तास तो भात आंबट नसतो, आणि ते तास बॅसिलस सिरियसला मोकळे मिळतात. त्यापेक्षा दही सढळ हाताने घालावे आणि आंबटपणा तोडायला वाढताना थोडे दूध मिसळावे.

बटाट्याच्या भाजीवर चवीपुरते लिंबू पिळले तर चालेल का? चवीपुरत्या लिंबाने सामू सहसा पुरेसा खाली येत नाही. हळद, लसूण, हिंग यांतील द्रव्ये जिवाणूंची वाढ काही प्रमाणात रोखतात, पण भाजीत ती इतकी थोडी असतात की त्यांच्या भरवशावर आठ तास काढता येणार नाहीत.

या भाजीला आणखी एक शत्रू आहे. निरोगी माणसांपैकी साधारण तिसऱ्या-चौथ्या हिश्शाच्या लोकांच्या नाकात ‘स्टॅफिलोकॉकस ऑरियस’ हा जिवाणू मुक्कामाला असतो. तो हातावर येतो आणि बोटाला पिकलेली जखम असेल तर तेथून मुबलक मिळतो. उकडलेला बटाटा सोलून हाताने कुस्करताना तो अन्नात जातो. त्याला मिठाचे भय नाही, ०.८६ जलसक्रियतेपर्यंत तो वाढतो. त्याचे विषही अर्धा तास उकळले तरी पुरते नष्ट होत नाही. म्हणून बटाटे शिजल्यावर चमच्याने कुस्करावेत, फोडणीत टाकून पुन्हा वाफ आणावी आणि हाताला जखम असलेल्याने त्या दिवशी स्वयंपाकातून रजा घ्यावी.

या सर्वांत अवघड गोष्ट अशी, की अशा अन्नाला वास येतोच असे नाही. अन्न आंबवणारे, बुळबुळीत करणारे जिवाणू वेगळे आणि विष सोडणारे वेगळे. ‘वास तर चांगला येतोय’ हा पुरावा धरता येत नाही.

ओला फडका कुठे चालतो?

डब्याला किंवा मडक्याला ओला फडका गुंडाळण्याची युक्ती सर्वांना ठाऊक आहे. एक ग्रॅम पाणी वाफ होताना सुमारे २,४०० ज्यूल उष्णता घेऊन जाते. तेवढ्याने १०० ग्रॅम पाण्याचे तापमान पाच ते सहा अंशांनी उतरते. पण हवा आधीच दमट असेल तर पाणी उडणार कसे? हवेचे तापमान ३२ अंश आणि सापेक्ष आर्द्रता ३० टक्के असेल, तर ओल्या फडक्यातील डबा जास्तीत जास्त २० अंशांच्या आसपास उतरेल. आर्द्रता ७० टक्के असेल तर सुमारे २७ अंशांवरच थांबेल. म्हणून पठारावरील कोरड्या हवेत ही युक्ती चांगली चालते, कोकण किनाऱ्यावर तितकीशी नाही. फडका वाऱ्यावर, सावलीत आणि सतत ओला हवा. पिशवीत कोंबलेला ओला फडका काही कामाचा नाही. आणि वीस अंश हेसुद्धा पाच ते साठच्या पट्ट्यातच येतात. घड्याळ मंद होते, एवढेच.

मग डबा कसा भरावा?

घरून निघण्यापूर्वी पदार्थांच्या तीन रांगा कराव्या. पहिल्या रांगेत कोरडे पदार्थ: यांचे घड्याळ थांबलेलेच असते, ते परतीच्या वाटेवरही खाता येतात. दुसऱ्या रांगेत आंबट व खारट: दहीभात, लोणचे, भरपूर लिंबू पिळलेला भात, हे दुपारच्या जेवणासाठी. तिसऱ्या रांगेत ओले आणि आंबट नसलेले: बटाट्याची भाजी, उसळ, ओल्या नारळाची चटणी, पनीर, खीर, उकडलेली अंडी, हिरवी चटणी लावलेले सँडविच, मटण-रस्सा. हे घरून न्यायचेच असतील, तर शेवटी शिजवावेत आणि सर्वांत आधी, शक्यतो न्याहारीला, खाऊन संपवावेत. उरलेले परत आणू नयेत. ओल्या नारळाऐवजी सुक्या खोबऱ्याची चटणी, कापलेल्या फळांऐवजी अखंड केळी-संत्री-पेरू, असे छोटे बदल केले तरी तिसरी रांग बरीच आखूड होते. काकडी-टोमॅटो घरी धुऊन न्यावेत आणि तेथे गेल्यावर चिरावेत.

पिण्याचे पाणी घरूनच न्यावे. झऱ्याचे पाणी नितळ दिसते. परंतु नितळ आणि निर्जंतुक यांत फरक आहे. तेच घ्यावे लागले तर गाळून, खळखळून उकळल्यावर किमान एक मिनिट उकळत ठेवावे, किंवा क्लोरिनची गोळी टाकून अर्धा तास थांबावे. साबणाची वडी आणि हात धुण्यापुरते वेगळे पाणी हे सामानाच्या यादीत सतरंजीच्या वर लिहावे.

एवढे करूनही कुणाला त्रास झालाच, तर जीवनजल हाताशी हवे. १९७१ साली बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीची साथ आली असता डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे द्रावण तोंडाने पाजून असंख्य जीव वाचवले. तयार पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवून घोटाघोटाने पाजावे. लघवी कमी झाली, ग्लानी आली, जुलाबात रक्त दिसले किंवा पाणीही पोटात ठरेना, तर वेळ न दवडता डॉक्टरांकडे जावे. दोष मात्र शेवटी खाल्लेल्या पदार्थाला लगेच देऊ नये. स्टॅफिलोकॉकसचा त्रास एक ते सहा तासांत होतो, पण साल्मोनेलाला सहा तासांपासून तीन दिवसांपर्यंत कितीही वेळ लागू शकतो. वाटेवर प्यालेल्या उसाच्या रसावर आळ येतो आणि खरा अपराधी असतो आदल्या रात्रीच्या जेवणात.

वर्गात करून पाहण्यासाठी

सहलीच्या आधीच्या आठवड्यात तीन प्रयोग सहज करता येतील. एक: सारखाच गरम भात एका खोल डब्यात आणि एका ताटात पसरून ठेवावा, दर पंधरा मिनिटांनी मध्यभागाचे तापमान तापमापीने घ्यावे आणि आलेख काढावा. दोन: दोन पेले पाणी, एकाला ओला फडका, एकाला कोरडा, ते सावलीत वाऱ्यावर ठेवून तासाभराने तापमान पाहावे. त्या दिवशीची आर्द्रता नोंदवायला विसरू नये. तीन: कोमट दुधात चमचाभर दही घालून दर तासाला सामूदर्शक कागदाने सामू मोजावा. तो ४.६ च्या खाली यायला किती तास लागले, हे पाहिले की दहीभाताच्या पथ्याचे कारण वेगळे सांगावे लागत नाही. प्रयोगातील भात आणि दूध कुणीही खाऊ-पिऊ नये, हे सुरुवातीलाच बजावावे.

आणि मग विद्यार्थ्यांनाच सहलीच्या डब्यांचे वेळापत्रक करायला सांगावे: कोणता पदार्थ किती वाजता शिजला, किती वाजता निवला, किती वाजेपर्यंत संपला पाहिजे. घरी जाऊन त्यांनी हा कागद आईच्या किंवा आजीच्या पुढे ठेवला, तर बहुतेक ठिकाणी असे दिसेल, की आजीची यादी आणि विद्यार्थ्याची यादी पुष्कळशी जुळते. जिथे जुळणार नाही, तिथे दोघांनी मिळून तापमापी काढावी.